पट्टेवाला गणराज

आमच्या कुरुळीत गणराजची खोली कुठली म्हणून विचारा, पोरं हसत्यात. "कोण, तो पट्टेवाला व्हय? तो येडा?" त्यांच्या जिभेला काय हाड हाय का! पट्टेवाला म्हणजे कचेरीतला शिपाई, एवढं मलाबी कळतं. गणराज शिपाई नव्हता. तो कंपनीत मोटारींना पट्टे बसवायचा, आपण गाडीत बसल्यावर छातीवरनं घेतो ते. अन् माझी सून त्याच पट्ट्यापायी गेली. तरी त्याला कुणी येडा म्हणलं की माझं डोकं फिरतं. का ते सांगते, पण मधी बोलू नका, माझी तार तुटती.

मी कौशल्याबाई. आमची शेती कंपन्यांच्या पोटात गेली तवा मालकांनी रस्त्याकडंला खोल्या बांधल्या. मालक गेले, खोल्या ऱ्हायल्या. त्यातल्या जिन्याजवळच्या खोलीत गणराज अन् त्याची बायको वर्षाली राहायला आली. माणूस अहमदपूरकडचा. "काय करायलाव मावशी? जेवलाव का?" असं त्याचं बोलणं. मी म्हणायची, "अरे, तुझं हे लाव-लाव ऐकून मला वाटतं, सारखं कायतरी लावायचंच राहिलंय." तो पोट धरून हसायचा. कुणाचा मिक्सर बंद पडू दे, कुणाची मोटर पाणी चढवीना, हा पाना घेऊन हजर. त्या दोघांना लेकरू न्हाई, म्हणून माझी नात उत्कर्षा सगळा दिवस त्यांच्याच खोलीत. शाळेतनं आली की दप्तर आमच्याकडं अन् पोरगी गणराजकाकाच्या खांद्यावर.

कामाचा त्याला भारी गर्व. गाडी लाइनीवर पुढं सरकत येती, हा पट्ट्याचं खालचं टोक बोल्टानं गाडीच्या अंगाला आवळतो, अन् आवळून झालं की बोल्टावर हिरव्या रंगाचा ठिपका देतो. त्या ठिपक्याला कंपनीतली सगळी पोरं टिळा म्हणायची. टिळा दिसला म्हणजे बोल्ट पक्का, पुढं कुणी त्याला हात लावायचा न्हाई. "मावशी, देवळात पुजारी टिळा लावतो, कंपनीत मी लावतो," म्हणायचा. मी म्हणायची, "पुजाऱ्याला दक्षिणा मिळती बाबा. तुला काय मिळतं?" "ओव्हरटाइम!" म्हणायचा.

माझा लेक शेखर. जेसीबी अन् टँकरचा धंदा करतो. दसऱ्याला त्यानं गाडी घेतली, लाइटवर चालणारी, गणराजच्याच कंपनीची. गणराजनंच गळ घातली व्हती, "भाऊ, घ्यायची तर आमचीच घ्या. घरचं काम हाय." अंगणात गाडी आली. आवाज न्हाई, धूर न्हाई, मांजरासारखी आली. मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तेवढ्यात गणराज शिफ्ट सुटून तसाच कंपनीच्या कपड्यात आला. दार उघडलं, पुढच्या सीटच्या बाजूला खाली एक प्लॅस्टिकचं झाकण व्हतं ते नखानं उचललं, अन् ओरडला, "मावशी, बघा! माझा टिळा!" खरंच हिरवा ठिपका. त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणला, "ह्याच्यावर बी कुंकू लावा." माझी सून मोनिका हसून म्हणाली, "राहू द्या गणराजभाऊ. तुमचाच टिळा चांगला आहे, वर आणि दुसरा कशाला?" मी तरी लावलंच. तिची सीट व्हती ती, ड्रायव्हरच्या शेजारची.

मोनिका देहूरोडची. वडील लष्कराच्या कारखान्यात व्हते, घरात शिस्त. माझ्यासारखी तोंडाळ सासू मिळाली तरी पोरगी कधी रुसली न्हाई. उलट माझीच थट्टा करायची.

दिवाळीच्या तोंडावर गाडीनं खोड्या सुरू केल्या. मोनिका पट्टा लावून बसली तरी गाडी टिंग टिंग वाजायची, म्हणजे पट्टा लावा, पट्टा लावा. लावलाय की गं सटवे! अन् समोर एक तांबडा दिवा, माणसाच्या पोटापुढं चेंडू ठेवल्यासारखं चित्र. शेखर म्हणला, तो आतल्या फुग्याचा दिवा, फुग्यात कायतरी बिघाड हाय. दोनदा गाडी सर्व्हिसला नेली. ते म्हणत्यात, अपडेट मारलंय. घरी आणली की पुन्हा टिंग टिंग. मग म्हणले, पार्ट यायचाय, आला की बोलावतो. मोनिका म्हणायची, "आई, ही गाडी अगदी तुमच्यावर गेलीय. केलं तरी म्हणते, केलं नाही." मी तिला लाटणं दाखवायची अन् तोंड फिरवून हसायची. पुढं पुढं त्या टिंग टिंगकडं कुणी लक्षच देईना. शेखर गाण्याचा आवाज वाढवायचा.

मग एक दिवस गणराज संध्याकाळच्याला आला. तोंड उतरलेलं, हातात पाना. "शेखरभाऊ, वहिनीच्या बाजूचा तो बोल्ट मला एकदा फिरवून बघू द्या."

"का? काय झालं?"

"काय न्हाई. असंच. मनाला बरं वाटंल."

शेखर म्हणला, "अरे बाबा, बाहेरच्यानं पाना लावला तर वॉरंटी जाते. आधीच ते लोक नाटकं करतायत. पार्ट आला की सगळंच बघतील ना."

गणराज पाना ह्या हातातनं त्या हातात करत उभा राहिला. त्याला कायतरी बोलायचं व्हतं, मला दिसत व्हतं. बोलला न्हाई. नोकरीचं भ्या. अरे मुडद्या, तवा तोंड उघडलं असतंस तर! पण न्हाई उघडलं. गेला परत जिन्याकडं.

तुळशीची लग्नं झाली अन् मोनिकाच्या चुलतभावाचा साखरपुडा आला, राजगुरुनगरला. उत्कर्षाला वर्षालीपाशी ठेवलं. शेखर गाडीवर, मोनिका शेजारी, मी मागं. मोनिकानं नवी जांभळी साडी नेसली व्हती. पट्टा ओढताना म्हणाली, "बघा ना आई, सगळ्या निऱ्या चुरगळतात पदराच्या." मी म्हणलं, "मग नको लावू, हितंच तर जायचंय." ती म्हणाली, "नाही हो, सवय आहे." अन् खट् करून लावला. मी ऐकला तो आवाज. डोळ्यांनी बघितला तो पट्टा, जांभळ्या पदरावर काळा. गाडी लागली टिंग टिंग करायला. शेखरनं गाणं वाढवलं.

चाकण सोडलं अन् पुढं एक टेम्पो उलट्या बाजूनं आला. शेखरनं ब्रेक दाबला तरी तो येऊन धडकलाच. शेखरपुढं पांढरा फुगा फुगला, त्याला खरचटलंसुद्धा न्हाई. मोनिकापुढं काय फुगलं न्हाई. ती पुढं गेली, काचेपर्यंत. पट्टा तिच्या अंगावरच व्हता हो! खांद्यावरनं कमरेपर्यंत, अन् त्याचं खालचं टोक सुटून लोंबत व्हतं. माझा हात मोडला व्हता, मला पुढं वाकता येईना. मी नुसती "पोरी, पोरी" करत बसले. माणसं धावली, त्यांनी पट्टा कापून तिला बाहेर काढली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं.

दहाव्याचं उरकून इंद्रायणीवरनं आलो अन् गणराज माझ्यापुढं येऊन बसला. "मावशी, वहिनीला मी मारलं." मला वाटलं, दुःखानं बरळतोय. मग तो सांगाय लागला. दसऱ्याआधी गाड्यांची मागणी लई, अन् ह्याच्या हातातली बोल्ट आवळायची मशीन बिघडली. लाइन तर थांबवायची न्हाई. सुपरवायझर म्हणला, बोल्ट हातानं बसव, टिळा लाव अन् सोड, पुढं यार्डात, तयार गाड्या उभ्या करत्यात तिथं, आवळून घेतील. ह्यानं लावले टिळे. अन् यार्डातल्या पोरांनी काय केलं? टिळा दिसला, म्हणजे झालंय म्हणून सोडलं. मागनं एक गाडी यार्डात सापडली, बोल्ट बोटानं फिरत व्हता अन् वर हिरवा टिळा. त्याच दिवशी हा पाना घेऊन आमच्याकडं आला व्हता.

मी काय केलं सांगू? पायातली चप्पल काढली अन् चांगल्या हातानं त्याला बडवला. तो हलला न्हाई. वर्षाली दारात उभी राहून रडत व्हती, तीबी आडवी आली न्हाई. माझा हात दुखला तवा थांबले, अन् त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. दुसरं कोण व्हतं रडायला? शेखर तर दगड झाला व्हता.

त्यानंतर कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. म्हणाला, अपघाताची सगळी माहिती गाडीतच साठलेली असते, ती आम्ही काढली. मॅडमनी पट्टा लावलेला नव्हता. म्हणून त्यांच्या बाजूची एअरबॅग उघडली नाही. मी म्हणलं, "ती गाडी खोटारडी हाय! पोरगी पट्टा लावून बसायची तरी वाजायची ती." तो म्हणाला, "आजी, मशीन खोटं बोलत नाही." मी म्हणलं, "मग मी बोलते व्हय? मी मागं बसले व्हते." तो शेखरकडं बघून म्हणाला, "आजींना धक्का बसलाय, समजू शकतो."

अन् माझा लेक काय म्हणला? "आई, तिनं नसेलच लावला. निऱ्या चुरगळतात म्हणत होती."

त्या घडीला माझ्या अंगावरचं मांस कुणी तोडलं असतं तरी इतकं दुखलं नसतं. पण मला कळलं बरं का त्याचं. ती बेफिकीर निघाली तर हा सुटतो. न्हाईतर ह्यानं वॉरंटीपायी पाना लावू दिला न्हाई, दिवा तांबडा दिसत असताना तिला त्या सीटवर बसवली, हे त्याला रोज सकाळी उठून गिळायला लागंल. माझाच लेक तो. मी काय करू?

मोनिकाचे वडील आले तवा रिपोर्टाची गोष्ट त्यांच्या कानावर पडली. ज्या माणसानं पोरीला लहानपणापासून शिस्त लावली, तो मान खाली घालून म्हणाला, "आमचीच चूक. पोर हट्टी होती." मी म्हणलं, "अहो, लावला व्हता तिनं!" ते मला हात जोडून म्हणाले, "ताई, आता नका वाढवू." मेलेल्या पोरीवर सगळ्यांनी मिळून आळ घेतला, अन् तिची बाजू घेणारी दोनच माणसं. एक मी म्हातारी, अन् दुसरा तिला मारणारा.

म्हणून मी म्हणलं, "चल गणराज. तुझं तोंड तवा बंद राहिलं, आता उघड." आमी दोघं रिक्षानं कंपनीत गेलो. लई वेळ गेटवर बसवलं, मग आत घेतलं, चहा दिला. साहेब तरणाच व्हता. गणराजनं सगळं सांगितलं, मशीन, टिळा, यार्ड, कायबी झाकलं न्हाई. म्हणला, "मला पोलिसात द्या साहेब. पण वहिनींनी पट्टा लावला होता, एवढं लिहून द्या."

साहेबानं कॉम्प्युटरात बघितलं, मग गणराजच्या गळ्यातलं कार्ड बघितलं. "तुम्ही कॉन्ट्रॅक्टरकडून आहात. हाऊसकीपिंग. तुम्ही पट्ट्याच्या कामावर नव्हताच."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हे झाडलोट करतात, आजी. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला आम्ही अशा कामाला हात लावू देतच नाही. सेफ्टीचं काम आहे ते."

गणराजनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. त्यानं ते कधी वाचलं नव्हतं असं न्हाई. सगळ्यांच्याच कार्डावर तसंच असायचं, कोण मनावर घेतो? तो म्हणला, "साहेब, मी झाडू न्हाई मारला कधी. मी बोल्ट मारायलो. हे बघा की." अन् दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळव्याला मशीनचे घट्टे, नखात हिरवा रंग.

साहेब म्हणाला, "तुम्ही सुट्टी घ्या थोडे दिवस."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हणलं, "अरे भाड्या, तू जिथं बूड टेकवून बसलायस तिथं आमचा कांदा पिकायचा! माणूस गुन्हा कबूल करतोय अन् तुमी त्याला म्हणता तू नव्हताच?" दोन सिक्युरिटीवाले आले अन् आमाला गेटपर्यंत सोडून गेले. पोलीस चौकीतबी तेच. हवालदार म्हणला, "मावशी, गुन्हा नाकारणारे रोज येतात, मागून घेणारा पहिलाच बघतोय. पण कंपनीच म्हणती हा तिथं नव्हता, तर मी काय लिहू?" सुट्टी म्हणजे काय ते पुढं कळलं. गणराजला कॉन्ट्रॅक्टरनं परत बोलावलंच न्हाई.

तवापासनं त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं न्हाई म्हणा, का तेवढंच एक ठिकाणावर राहिलं म्हणा. तसली गाडी कुठं उभी दिसली की हा थांबायचा. चाकणच्या बाजारात, मोशीच्या मंगल कार्यालयापुढं, पिंपरीत कॅम्पातल्या दुकानांसमोर. मालक आला की हात जोडायचा, "दादा, तेवढा पट्टा ओढून बघा. ते झाकण उघडून बोल्ट फिरतोय का बघा. टिळ्यावर जाऊ नका." कुणी हसायचं, कुणी चोर म्हणून धरायचं. मोशीला लग्नाच्या वऱ्हाडानं त्याला तुडवला, कपाळ फोडलं. मी हळद दाबत म्हणलं, "बास कर रं बाबा, मरशील." तो म्हणला, "मावशी, अजून किती गाड्या गेल्या असतील तशा, मला ठावं न्हाई. आठवत न्हाई. टिळे तर सगळ्यांवर लावले." एकबी मालकानं झाकण उघडून बघितलं न्हाई. तिथनं त्याचं नाव पट्टेवाला पडलं.

शेखरला तो डोळ्यांसमोर नको झाला. "आई, त्याला खोली सोडायला सांग. गावात काय काय बोलत फिरतो." मी म्हणलं, "खरं बोलतो, म्हणून डाचतो तुला." तो ताट सारून उठला. मी तशी सोडणारी न्हाई, पण वर्षालीच येऊन म्हणाली, "मावशी, आम्ही गावाकडं जायलो. हितं राहिले तर हे कुणाच्या तरी हातनं मरतील." मी तिला अडवलं न्हाई. कशाच्या जोरावर अडवू?

त्यांचं सामान छोट्या टेम्पोत भरत व्हते ती सकाळची वेळ. शेखर उत्कर्षाला शाळेत सोडाय निघाला व्हता. आता डिझेलची गाडी घेतलीय. पोरगी मागच्या सीटवर बसली, पट्टा ओढून लावला, अन् रोज म्हणती तसं म्हणाली, "मी लावला. आईनं लावला नव्हता, म्हणून आई मेली. हो ना पप्पा?"

"हो बाळा," शेखर म्हणला.

रोज सकाळी माझ्या कानावर हे पडायचं अन् मी पदर तोंडात कोंबायची. त्या दिवशी गणराज माझ्या पाया पडायला वाकला व्हता, त्यानंबी ऐकलं. त्याच्याकडं बघितलं अन् माझ्यानं राहवलं न्हाई. मी गाडीच्या दारापाशी जाऊन ओरडले, "लावला व्हता! लावला व्हता गं तुझ्या आईनं, माझ्या डोळ्यांदेखत!"

"आई!" शेखर म्हणला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

उत्कर्षा माझ्याकडं बघाय लागली, मग बापाकडं, मग आपल्या छातीवरच्या पट्ट्याकडं. म्हणाली, "लावला होता? तर मग आई मेली कशी?"

शेखरनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं. एवढी बडबडी बाई मी, गावात माझ्यापुढं कुणी बोलायची टाप न्हाई, अन् ह्या एवढ्याशा पोरीला काय सांगावं ते मला सुचेना. तवा गणराज पुढं झाला, गाडीच्या दारापाशी खाली बसला.

"माझ्यामुळं मेली, बाळा. मी पट्टा बसवला होता. नीट आवळला न्हाई अन् आवळला म्हणून खूण केली."

कंपनीनं त्याला खरं मानलं न्हाई, पोलिसांनी न्हाई, गावानं न्हाई, माझ्या लेकानं न्हाई. उत्कर्षानं मानलं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. तिनं पट्टा सोडवला, गणराजला अंग लागू नये म्हणून सरकत सरकत पलीकडच्या दारानं उतरली, घरात गेली अन् आतनं कडी लावून घेतली. मी लई हाका मारल्या. गणराजनं न्हाई मारली. टेम्पो गेला तरी पोरीनं दार उघडलं न्हाई.